ट्रायल्सच्या गाडीचे ब्रेक आणि कार्बोरेटर: पाना हातात घेण्याआधी आणि नंतर

गेल्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या एका माळावर, तिसऱ्या फेरीत, माझ्या गाडीचं मागचं चाक धरायला लागलं. आधी वाटलं चिखल अडकला असेल. पुढच्या ओढ्यात मागची डिस्क पाण्यात गेली आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुर्र आवाज आला. ओढा ओलांडेपर्यंत चाक पुरतं जाम. त्या सेक्शनवर गुण लिहायला बसलेले एक आजोबा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी पांघरलेले, उठून आले. बुटाच्या टोकानं ब्रेकचं पेडल हलवून बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्याला ढिलाई किती ठेवलीयेस?" मी गप्प. आदल्या रात्रीच मी पेडल पायाला सोयीचं पडावं म्हणून मागचा पुशरॉड, म्हणजे पेडलचा दाब पुढं पोचवणारी दांडी, लांब करून ठेवला होता.

त्या जाम चाकाचं काय झालं ते पुढे येईलच. ज्यांनी ट्रायल्स पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा मोटारसायकलवरचा खेळ, पण शर्यत नव्हे. दगड, ओढे, झाडांची मुळं, चिखलाचे चढ यांतून दोऱ्या बांधून आखलेले छोटे टप्पे असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. पाय न टेकता पार झालात तर शून्य. एकदा पाय टेकला तर १, दोनदा २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी ३, आणि पडलात किंवा अडकलात तर ५. ज्याचे गुण कमी तो जिंकला. मी राहतो तिथून जवळच शिपली आहे. तिथं अल्फ्रेड स्कॉट यांचा मोटारसायकलचा कारखाना होता आणि १९१४ साली त्यांनी आपल्या कामगारांसाठी डोंगरातून स्पर्धा लावली. तीच आजची स्कॉट ट्रायल. मी त्यात उतरण्याच्या लायकीचा नाही. रविवारच्या क्लबच्या ट्रायलमध्ये ३० गुणांत आलो की घरी येऊन चहा जरा गोड लागतो, एवढीच माझी पोच.

माझी गाडी स्पॅनिश बनावटीची, सेकंडहँड, २५० सीसी टू-स्ट्रोक, डेलॉर्टो पीएचबीएल २६ कार्बोरेटरवाली. केहिन पीडब्ल्यूकेवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. माँटेसा कोटा ४आरटी असेल तर तिला इंजेक्शन आहे, तुम्ही फक्त ब्रेकचं वाचा.

ब्रेक सोडत नाही

इथूनच सुरू करतो, कारण हे स्वतःच्या कातडीवर शिकलोय. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हर किंवा पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या भागाच्या आत, तेलाच्या टाकीच्या तळाशी, एक अगदी बारीक भोक असतं. ब्रेक सोडला की पिस्टन मागं सरकतो आणि हे भोक उघडं पडतं. गरम होऊन फुगलेलं तेल त्यातून टाकीत परत जातं. पुशरॉड पिस्टनला कायम टेकून राहिला तर पिस्टन पूर्ण मागं येतच नाही आणि भोक झाकलेलं राहतं. मग काय होतं बघा: पॅड किंचित घासतात, तेल तापतं, फुगतं, त्याला जायला वाट नाही, पॅड आणखी दाबले जातात, आणखी तापतं. घरी थंड गाडीला काहीच कळत नाही. तिसऱ्या फेरीत कळतं.

चाक जाम झालेलं असतानाच एक परीक्षा करता येते, तेव्हा ती संधी घालवू नका. आठचा पाना घ्या आणि कॅलिपरचं (डिस्कला पॅडनं चिमटणारा भाग) निपल, म्हणजे तेल-हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, पाव वळसा ढिलं करा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकला होता. म्हणजे दोष मास्टर सिलिंडरकडे, पुशरॉडकडे किंवा आतून फुगलेल्या नळीकडे. निपल उघडूनही चाक घट्टच, तर कॅलिपरचे पिस्टन चिकटलेत किंवा पॅडची पिन गंजलीय. आजोबांच्या पान्यानं मी निपल उघडलं, चमचाभर तेल उडालं, चाक सुटलं. निपल लगेच आवळलं, पुशरॉडचं लॉकनट सोडून दोन वळसे कमी केले आणि उरलेला दिवस पेडल पायाला जरा गैरसोयीचंच ठेवून काढला. गाडी धरून होतो तो हातमोजा तेलानं भिजला होता. ते तेल कातडीला आणि रंगाला दोन्हीला वाईट, पाण्यानं धुवून टाकायचं.

घरी तपासायचं असेल तर मास्टर सिलिंडरचं झाकण काढा, चष्मा घाला आणि लिव्हर अगदी हलके, दोन-तीन मिलिमीटर दाबा. तेलाच्या पृष्ठभागावर छोटा कारंजा किंवा निदान भोवरा दिसला पाहिजे. दिसला नाही तर भोक बुजलंय किंवा पुशरॉड ताणलेला आहे. लिव्हरला, पेडलला पिस्टन हलायच्या आधी १ ते २ मिलिमीटर फुकटची चाल हवीच. पेडलची उंची बदलायची असेल तर आधी पेडलचा टेकणारा स्क्रू बदला, पुशरॉड त्यानंतर जुळवून घ्या. मी हे उलट्या क्रमानं केलं होतं.

पिस्टन चिकटले असतील तर पॅड काढा, लिव्हर सावकाश दाबून पिस्टन तीन-चार मिलिमीटर बाहेर येऊ द्या. मध्ये लाकडाची चकती ठेवा, नाहीतर एखादा पिस्टन उडून पूर्ण बाहेर येईल आणि संध्याकाळ गेली. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यानं कडा घासा, चिखलाची काळी रेघ निघेपर्यंत. पुसा, कडेला ब्रेक ऑइलचं बोट फिरवा आणि पिस्टन परत ढकला. असं तीन-चार वेळा. इथं साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. रबरासाठीचं तांबडं ग्रीस वेगळं मिळतं. चिखलात चालणाऱ्या गाडीला हे दोन महिन्यांतून एकदा करावंच लागतं.

ब्रेक धरत नाही

याचे दोन प्रकार, आणि लोक यांची गल्लत करतात. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागून हँडलला टेकतो तो एक. लिव्हर दगडासारखा कडक, पण गाडी थांबत नाही, तो दुसरा. पहिल्यात हवा आहे. दुसऱ्यात हवा काढत बसू नका, दहा वेळा काढली तरी फरक पडणार नाही. तिथं पॅडला तेल लागलंय.

ट्रायल्समध्ये एका बोटानं ब्रेक मारायचा असतो आणि चाक हवं त्या क्षणी कुलूप लागल्यासारखं थांबायला हवं. पुढची डिस्क जेमतेम १८५ मिलिमीटर, मागची १५०च्या आसपास. एवढ्या छोट्या डिस्कला तेलाचा एक थेंब पुरतो. माझ्या बाबतीत तो थेंब चेनच्या स्प्रेचा होता. स्टँडवर चाक फिरवत चेनवर स्प्रे मारला, नळी धरली होती पण वारा होता. आता मी चेनला ब्रशनं तेल लावतो आणि डिस्कवर पुठ्ठ्याचा तुकडा धरतो. दिसायला बावळट, पण पॅडचे पैसे वाचतात.

तेल लागलेले पॅड वाचवता येतात का? निम्म्या वेळा. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून पॅड सपाट घासा, मग भांडी धुण्याच्या साबणात उकळा. तरी नाही जमलं तर ब्लोलँपनं तापवा. पॅडमधून काळं तेल फसफसून वर येताना दिसतं, ते येणं थांबेपर्यंत. हे धातूचे कण दाबून केलेल्या पॅडवरच करा, रेझिनचे पॅड तडकतात. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनचं द्रावण असतं. ते लागलेला पॅड तापवला तर विषारी वायू निघतो. त्यामुळे तापवायचं असेल तर त्याआधी ब्रेक क्लीनर मारूच नका, साबणानंच धुवा, वाळवा आणि काम उघड्यावर करा. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरनं पुसायला हरकत नाही, फक्त फडका दरवेळी नवा.

नवे पॅड टाकूनही पंधरा दिवसांत ब्रेक परत गेला, तर चेनला दोष देऊ नका. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीची बाहेरची धुळीची सील नखानं उचलून बघा. मागं ओल दिसली तर आतली सील झिरपतेय. पॅड कितीही बदला, तेल येतच राहणार.

आता हवा काढण्याचं. मागच्या ब्रेकनं माझे दोन रविवार खाल्लेत. नेहमीची पद्धत म्हणजे पेडल दाबा, निपल उघडा, आवळा, पेडल सोडा. ही पद्धत तिथं फसते, कारण मास्टर सिलिंडर खाली, नळी वर-खाली वळसे घेत गेलेली आणि काही गाड्यांवर निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी येतच नाही. हवा वर जाते. ती वर जाऊन बसते तिथं भोक नसेल तर ती कशी निघणार?

म्हणून मी कॅलिपर सोडवून हातात घेतो, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा पत्रा घालतो आणि निपल आकाशाकडे येईल असा धरतो. औषधाच्या दुकानातून आणलेली ५० मिलीची सिरिंज, तिला पारदर्शक नळी, आत ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल. आधी नळीतली हवा बाहेर काढायची, मग निपलला जोडायची, निपल अर्धा वळसा उघडायचं आणि तेल खालून वर, कॅलिपरकडून टाकीकडे, सावकाश दाबायचं. हवेला वरच जायचं असतं, तिला तिकडंच ढकलायचं. टाकी भरत आली की दुसऱ्या सिरिंजनं उपसा. टाकीत बुडबुडे यायचे थांबले की निपल आवळा आणि मग नळी काढा. पुढच्या ब्रेकला एवढं लागत नाही. तिथं उरलेले बारीक बुडबुडे काढायला माझ्या गॅरेजवाल्या मामांची युक्ती: सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर हँडलला रात्रभर बांधून ठेवायचा आणि हँडल असं वळवायचं की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच येईल. सकाळी पट्टी सोडून लिव्हर हलके टिचकवला की दोन-चार बुडबुडे वर येतात.

आणि झाकणावरचं वाचा. बऱ्याच ट्रायल्स गाड्यांत ब्रेकला डॉट ४ आणि क्लचला मिनरल ऑइल असतं. दोन्ही टाक्या दिसायला जुळ्या. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की रबरं फुगतात आणि सगळ्या सील बदलाव्या लागतात.

कार्बोरेटरवरचा आळ

माझे मामा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवायचे. येझदी, राजदूत, पुढं आरएक्स १००. शाळेच्या सुट्टीत मी तिथं पाने पुसायला. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: कार्बोरेटर खराब झालाय. मामा कार्बोरेटरकडे बघायचेही नाहीत. पेट्रोलची नळी काढून कॉक उघडायचे आणि म्हणायचे, "आधी पेट्रोल खाली येतंय काय बघ की लेका."

ते इथंही तसंच करायचं. नळी काढा, बाटलीत धार बघा. धार सुरुवातीला चांगली आणि मिनिटाभरात बारीक होत असेल तर टाकीच्या झाकणाची हवेची नळी दुमडलीय किंवा चिखलानं बुजलीय. झाकण उघडल्यावर "हुश्श" झालं तर खात्रीच. मग एअर फिल्टर बघा. भिजलेला, जास्त तेल चोपडलेला फिल्टर चोक ओढून ठेवल्यासारखंच काम करतो. मग थ्रॉटलची केबल. गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस चढली तर केबल ताणलेली आहे, कार्बोरेटर निर्दोष. एवढ्यात निम्म्या तक्रारी मिटतात.

मिटल्या नाहीत तर उघडा. पण एक ध्यानात ठेवा. ट्रायल्समध्ये थ्रॉटल पाव भागाच्या वर क्वचित जातो. म्हणजे आपलं सगळं आयुष्य पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी तोटी), मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) आणि स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा पडदा) खालच्या कापावर चालतं. मेन जेट, म्हणजे जास्त थ्रॉटलचं जेट, बदलून गाडी सुधारली असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पायलट जेट साफ करा.

जेट काढून उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला पिवळट थर दिसला तर तो सुकलेल्या पेट्रोलचा डिंक. त्यात पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. मामा केरसुणीचा एक तंतू काढून फिरवायचे. माझ्याकडे इथं केरसुणी नाही, मी मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा वापरतो. त्यावर कार्बोरेटर क्लीनर आणि हवा. मात्र जेट साफ करून काम संपत नाही. जेटच्या वरची वाट साफ व्हायला हवी. जेटच्या जागी क्लीनरची नळी लावून फवारा मारा आणि कार्बोरेटरच्या नळकांड्यात, स्लाइडच्या पुढं इंजिनच्या बाजूला बघा. तिथल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून धार निघाली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा असू द्या, धार नेमकी तोंडावर येते.

मिक्श्चर स्क्रूबद्दल गोंधळ खूप. तो स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोल कमी-जास्त करतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल, जसा केहिन पीडब्ल्यूकेला असतो, तर हवा कमी-जास्त करतो, आणि तिथं आत घातला की मिश्रण पेट्रोलकडे झुकतं. हात लावायच्या आधी हलकेच आत घालत वळसे मोजा आणि कागदावर लिहा. दीड वळशापासून सुरुवात, इंजिन गरम, पाव-पाव वळसा फिरवत रेस सगळ्यात वर जाते तिथं थांबा, मग आयडलचा स्क्रू कमी करा. तीन वळसे काढूनही फरक पडत नसेल तर पायलट जेट चुकीचा आहे किंवा बुजलेला.

थ्रॉटल उघडताना गाडी अडखळते तेव्हा पेट्रोल कमी की जास्त, हे ओळखायला चोक हीच परीक्षा. चालू गाडीत चोक किंचित उचला. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी गुदमरली तर जास्त होतंय. प्लगच्या रंगावर मी फार जात नाही. सेक्शनच्या रांगेत रांगत राहिलेल्या गाडीचा प्लग काळाच असणार. सेक्शनमध्ये शिरण्याआधी दोनदा रेस करून इंजिन मोकळं करायचं, ही सवय जेट बदलण्यापेक्षा स्वस्त.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं ते बहुधा गाडी पडल्यावर. पडलेली गाडी उभी करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) वाटीवर दोन टिचक्या मारा, अडकलेला फ्लोट सुटतो. तरी गळतंय तर वाटी काढा. फ्लोटच्या सुईच्या टोकावर रिंग पडलीय का, तिच्या बसायच्या जागेवर कचऱ्याचा कण आहे का, ते बघा आणि कानातल्या कापसाच्या काडीनं पुसा. फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा. बुडबुडे आले तर त्यात चीर आहे आणि आत पेट्रोल शिरलंय.

वाटीत पाणीही सापडेल. पेट्रोलखाली ते गोट्यांसारखं वेगळं लोळताना दिसतं. इथं सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, भारतात तर आता २० टक्के. इथेनॉल पाणी ओढून घेतं, मग वाटीच्या तळाला पांढरा चुरा बसतो आणि तोच पायलट जेटमध्ये जातो. मी इथं ५ टक्केवालं महाग पेट्रोल घेतो, ५ लिटरला ७० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल), आणि घरी आलो की कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. टाकीच ३ लिटरच्या आसपास, महाग पडून किती पडणार.

शेवटचं, थ्रॉटल सोडूनही रेस खाली येत नाही ते. केबल तपासली असेल तर इंजिन बाहेरून हवा खेचतंय. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी नळकांड्यावर, क्लँपच्या कडेनं, साबणाचं पाणी फवारा. रेस बदलली तिथं चीर आहे. तिथं काहीच नाही, तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं सील संशयित. उलट क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गाडी गिअरबॉक्सचं तेल पिते आणि मागून दाट पांढरा धूर सोडते. गिअरबॉक्समध्ये तेल किती भरलं होतं ते आठवा आणि काढून मोजा. १०० मिली कमी भरलं तर कार्बोरेटर जागेवर बसवून ठेवा आणि क्लचचं झाकण काढायच्या तयारीला लागा.